लहान मेंदू आणि ब्रेनस्टेम: माकडाचा आणि आपला

ती. आई-बाबांस,
सा. न.

बाबा, तुम्ही फोनवर विचारलंत, माणसाचा आणि माकडाचा मेंदू वेगळा होतो तो कपाळामागे, मग तुम्ही मेंदू अभ्यासणारे लोक मानेवरच्या त्या मागच्या भागात काय शोधत बसता? फोनवर नीट सांगता येणारं नाही, म्हणून लिहिते. आई, शेवटचा भाग तुमच्या दोघांच्या कामाचा आहे. कंटाळा आला तर आधी तो वाच.

माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात. त्यांतल्या जवळजवळ ६९ अब्ज एकट्या लहान मेंदूत, म्हणजे तुमच्या त्या मागच्या भागात. त्याचं वजन जेमतेम दीडशे ग्रॅम, म्हणजे एकूण मेंदूचा दहावा हिस्सा. ज्याचं एवढं कौतुक होतं त्या मोठ्या मेंदूच्या पृष्ठभागात १६ अब्ज, आणि ब्रेनस्टेमसकट (मेंदूला मज्जारज्जूशी जोडणारा देठ) उरलेल्या सगळ्याच्या वाट्याला एक अब्जाहूनही कमी. रीसस माकडाचा मेंदू ८७ ग्रॅमच्या आसपास, पेशी ६.४ अब्ज, आणि त्यांतल्या साडेचार अब्ज तिथेही लहान मेंदूतच. (आपल्या घाटात गाड्यांवर उड्या मारणारं लालतोंडी माकड हे रीससचं सख्खं भाऊबंद, दोघंही मॅकाक. काळतोंड्या वानराची शाखा वेगळी.) लहान मेंदूच्या बारीक घड्या उलगडून सपाट पसरल्या तर माणसात सुमारे १,५९० चौरस सेंटिमीटर भरतात, मोठ्या मेंदूच्या पृष्ठभागाच्या ७८ टक्के. मॅकाकमध्ये हेच प्रमाण ३३ टक्के आहे. तेव्हा फक्त कपाळ पुढे आलं, हे म्हणणं अर्धवट आहे.

वाढ सगळीकडे सारखी नाही. लहान मेंदूच्या मधोमध उभा पट्टा असतो, तो वर्मिस. धड सावरणं, चालताना तोल राखणं ही त्याची कामं, आणि त्यात माकड आपल्यापेक्षा कमी नाही. फुगले ते दोन्ही बाजूंचे गोलार्ध. ही वाढही माणसापासून सुरू झालेली नाही. गिबन, ओरांगउटान, गोरिला, चिंपांझी या बिनशेपटीच्या सगळ्या गटात गोलार्ध माकडांच्या तुलनेत मोठे आहेत, माणसाने तेच पुढे नेलं. गोलार्धांत क्रस एक आणि क्रस दोन नावाचे भाग आहेत. त्यांची देवाणघेवाण हातापायांशी फारशी नसते, ती असते कपाळामागच्या मेंदूशी, जिथे बेत आखले जातात.

ही देवाणघेवाण ज्या रस्त्याने होते तो ब्रेनस्टेममध्ये उघड्या डोळ्यांनी दिसतो. ब्रेनस्टेमचे वरून खाली तीन भाग: मिडब्रेन, पॉन्स, मेड्युला. मोठ्या मेंदूतून निघालेले तंतू मिडब्रेनच्या पुढच्या भागातून खाली येतात, एका बाजूला साधारण २ कोटी. खाली मेड्युलातल्या पिरॅमिडमध्ये, म्हणजे मज्जारज्जूकडे जाणाऱ्या तंतूंच्या जुडग्यात मोजले तर उरतात १० लाखांच्या आसपास. मधले बहुतेक गेले कुठे? पॉन्समध्ये थांबले. तिथून नवे तंतू निघून बाजू बदलतात आणि विरुद्ध बाजूच्या लहान मेंदूत शिरतात. म्हणून माणसाचा पॉन्स समोरून इतका फुगीर, मॅकाकचा बराच चापट. मांजराकुत्र्यात तर तो इतका अरुंद की त्याच्याखालून जाणारा ऐकण्याचा आडवा पट्टा उघडा पडतो. आपल्यात तो पॉन्सखाली पूर्ण झाकलेला असतो. मॅकाकमध्ये या तंतूंत हालचालींशी संबंधित भागांचा वाटा मोठा, माणसात कपाळामागून येणाऱ्यांचा वाटा वाढलेला.

मेड्युलाच्या दोन्ही बाजूंना ऑलिव्ह नावाचा उंचवटा दिसतो. आडवा छेद घेतला की आत राखाडी रंगाचं सुरकुतलेलं आवरण असतं, बटव्यासारखं, आणि त्याचं तोंड मध्यरेषेकडे. मॅकाकमध्ये सुरकुत्या कमी. लहान मेंदूच्या आतल्या डेंटेट केंद्रकाचंही तसंच (केंद्रक म्हणजे चेतापेशींचा पुंजका). गोलार्ध वाढले की त्यांना तंतू पाठवणारं ऑलिव्ह आणि त्यांचा निरोप बाहेर नेणारं डेंटेट दोन्ही वाढतात. एकटा कुठलाच भाग वाढत नाही, अख्खी साखळी वाढते.

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग. मिडब्रेनमध्ये लाल केंद्रक आहे. त्यातल्या मोठ्या पेशींपासून मज्जारज्जूपर्यंत जाणारी वाट मॅकाकमध्ये चांगली दणकट आहे, हात आणि पंजा हलवायला ती उपयोगी पडते. माणसात या मोठ्या पेशी नावापुरत्या उरल्या आहेत आणि ती वाट मानेच्या वरच्या भागातच विरते. आपलं लाल केंद्रक जवळजवळ सगळं लहान पेशींचं, आणि त्या खालच्या ऑलिव्हशी बोलतात. १९६८ साली लॉरेन्स आणि कायपर्स या संशोधकांनी माकडांचे दोन्ही पिरॅमिड कापून पाहिले. माकडं काही आठवड्यांत पुन्हा चालू, चढू लागली. कायमचं गेलं ते एकेक बोट सुटं हलवणं. नंतर ब्रेनस्टेममधल्या बाजूच्या वाटाही तोडल्या, तेव्हा पंजाची स्वतंत्र हालचालही गेली. म्हणजे माकडाकडे दुसरी वाट शिल्लक होती. आपण ती जवळपास बंद करून सगळा भार पिरॅमिडच्या एका वाटेवर टाकला. लकवा झाल्यावर माणसाचा हात माकडाच्या मानाने कमी सुधारतो, त्याचं हे एक कारण मानलं जातं, एकमेव नव्हे.

घशाच्या बाबतीत उलट झालं. स्वरयंत्र हलवणाऱ्या मेड्युलातल्या पेशींपर्यंत मोठ्या मेंदूचे थेट तंतू माणसात पोहोचतात, माकडात पोहोचत नाहीत. माकड ओरडतं ते बहुतांशी जुन्या, मिडब्रेनमधल्या यंत्रणेने. ठरवून सूर लावणं त्याला जमत नाही.

हे सगळं शेजारी ठेवून पाहताना फसायला भरपूर जागा आहेत. माणसाचा मेंदू काढताना मोठ्या आणि लहान मेंदूंमधला टेंटोरियमचा पडदा हाडाच्या कडेने आधी कापावा लागतो. तो न कापता ओढलं तर मिडब्रेन फाटतो. मॅकाकमध्ये वेगळीच अडचण येते. त्याच्या लहान मेंदूचा एक छोटा तुकडा कानाच्या हाडातल्या खळग्यात शिरलेला असतो. घाई केली की तो तिथेच राहतो आणि बघणाऱ्याला वाटतं, याला हा भाग नसतोच. प्रौढ माणसात त्या खळग्याची जेमतेम खूण उरते. मग मेंदू दहा टक्के फॉर्मेलिनमध्ये, तळाच्या बॅसिलर धमनीखालून दोरा घालून, उलटा टांगून निदान दोन आठवडे ठेवायचा. भांड्याच्या तळाला टेकला की चपटा होतो आणि मापं चुकतात.

सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट म्हणजे वेळ. प्रयोगशाळेतल्या माकडाच्या रक्तवाहिन्यांतून फॉर्मेलिन लगेच सोडलेलं असतं. माणसाचा मेंदू मिळतो तो मृत्यूनंतर काही तासांनी, आणि तेवढ्यात लहान मेंदूच्या दाणेदार थरातल्या पेशी विरघळू लागलेल्या असतात. हे ध्यानात न घेता मोजलं की माणसात पेशी विरळ आहेत असा शोध लागतो! छेदाचा कोनही तसाच. आपला ब्रेनस्टेम उभा, मॅकाकचा बराच आडवा. कवटीच्या हिशोबाने दोघांना कापलं तर पातळ्या जुळत नाहीत, एकाच चकतीत पुढे पॉन्स आणि मागे भलतंच काही येतं. म्हणून चौथ्या वेंट्रिकलच्या (ब्रेनस्टेम आणि लहान मेंदू यांच्यामधल्या द्रवाच्या पोकळीच्या) तळाला काटकोनात कापायचं, एमआरआयवरसुद्धा. आणि आई, तुला वाईट वाटेल म्हणून सांगते, आजचं बरंचसं काम जुन्या संग्रहातल्या काचपट्ट्यांवर आणि एमआरआयवरच चालतं.

आता तुमच्या कामाचं. एवढा वाढलेला लहान मेंदू आणि जाडजूड पॉन्स कवटीच्या मागच्या, तळाच्या छोट्या कप्प्यात ठासून बसलेत. वरून टेंटोरियम, खाली मज्जारज्जूचं भोक, सुजेला जागाच नाही. म्हणून लहान मेंदूच्या स्ट्रोकमध्ये पहिल्या दिवशी बरा दिसणारा माणूस दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुजेमुळे अचानक बिघडू शकतो. 'आता बरं वाटतंय' म्हणून लवकर घरी आणायचं नाही.

शिवाय हा स्ट्रोक चटकन ओळखू येत नाही. तोंड वाकडं होणं, हात लुळा पडणं ही सगळ्यांना ठाऊक असलेली लक्षणं त्यात नसूही शकतात. अचानक गरगरणं, उलट्या, बोलणं जड होणं, एकाचे दोन दिसणं, गिळताना ठसका, आणि मुख्य म्हणजे आधाराशिवाय बसता किंवा चालता न येणं. आपल्याकडे याला पित्त, नाहीतर मानेचं स्पॉन्डिलायटिस म्हणून गोळी देतात आणि झोपवून ठेवतात. कूस बदलताना मिनिटभराच्या आत थांबणारी चक्कर, आणि मधल्या वेळात चालणं ठीक, तर बहुधा कानाचं दुखणं असतं, ते दुसऱ्या दिवशी दाखवलं तरी चालतं. सतत गरगरतंय आणि उभंच राहवत नाही, तर थांबायचं नाही. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांपर्यंतच देतात, म्हणून घड्याळात वेळ बघून लिहून ठेवा. झोपेतून उठल्यावर त्रास जाणवला तर रात्री शेवटचं ठीक कधी होतं ती वेळ सांगा. गिळण्याची खात्री नसताना पाणी, साखर, गोळी, काहीही तोंडात घालू नका.

डॉक्टर सीटी स्कॅन करतील. त्यात रक्तस्राव कळतो, पण कवटीच्या या भागातल्या जाड हाडांमुळे गुठळीमुळे झालेली ताजी इजा बऱ्याचदा दिसत नाही. रिपोर्ट नॉर्मल आला आणि चालता येत नसेल, तर एमआरआयबद्दल विचारायचं, भीड धरायची नाही. बाबा, रात्री एमआरआय चालू असणारं जवळचं हॉस्पिटल कोणतं ते एकदा चौकशी करून ठेवा, आणि त्याचा नंबर १०८ च्या शेजारी फ्रिजवर मोठ्या अक्षरांत लावा. आईला चष्म्याशिवाय वाचता आला पाहिजे.

तुमची,
धाकटी