रविवारचे दोन तास द्या

संपादक महोदय,

गडचिरोली, गोंदियाकडून नागपुरात कामाच्या शोधात येणाऱ्या मुलांना अडवतात त्या फार लहान गोष्टी. आम्ही नोकरी करणारे काही मित्र रविवारी सकाळी अशा मुलांसोबत बसतो. गेल्या महिन्यात कुरखेड्याचा एक आयटीआय झालेला फिटर आला. बायोडाटात उंची, जात, मामाचे गाव, सगळे होते. लेथवर सहा महिने केलेल्या कामाचा उल्लेखच नव्हता. ईमेलचा पत्ता तर नेट कॅफेवाल्याचा! मुलाखतीचे बोलावणे आले तेही त्याच्याचकडे, आणि तारीख निघून गेली. पोराचा चेहरा बघवत नव्हता. त्याचा स्वतःचा ईमेल उघडायला आम्हाला दहा मिनिटे लागली.

2024 मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी उत्तीर्णांना 6 हजार, आयटीआय व पदविकाधारकांना 8 हजार आणि पदवीधरांना 10 हजार रुपये महिना विद्यावेतन ठरले. नोंदणी ऑनलाइन. पण ती करताना शेजारी बसणारे कोणी लागते ना! मिहान, हिंगणा, बुटीबोरी या नागपूरजवळच्या औद्योगिक भागांत काम करणाऱ्या तरुणांनी रविवारचे दोन तास यासाठी काढावेत. आपल्या कंपनीत फिटरला नेमके काय विचारतात, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक? महापालिकेने वाचनालयातील एखादी खोली तेवढ्या वेळेपुरती उघडून द्यावी, ही कळकळीची विनंती. सध्या आम्ही बागेतल्या बाकावर बसतो, आणि पाऊस आला की उठावे लागते.

— एक अभियंता, प्रतापनगर, नागपूर