मैदानावरचा फलक कोणी आणि कुठून वाचायचा? : महापालिका आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
माननीय आयुक्त,
ठाणे महानगरपालिका

महोदय,
सप्रेम नमस्कार.

२ नोव्हेंबर २०२५ रोजी नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारतीय महिलांनी एकदिवसीय विश्वचषक जिंकला, तेव्हापासून आपल्या मैदानांवरही तसेच भव्य एलईडी पडदे हवेत, अशी मागणी मी स्थानिक स्पर्धांमध्ये सारखी ऐकतो. मागणी रास्त आहे. मी अनेक वर्षे कबड्डीचा गुणलेखक म्हणून काम केले असल्यामुळे, दादोजी कोंडदेव क्रीडाप्रेक्षागृहासाठी किंवा शहरातील अन्य क्रीडासंकुलांसाठी असा विचार होईल तेव्हा पडद्याचा आकार ठरवण्याआधी तो कोणी, कुठून आणि कोणत्या लिपीत वाचायचा हे निविदेत लिहिले जावे, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

जिल्ह्यातील एका बंदिस्त सभागृहात मी गुणलेखन करत होतो, तेथे खेळाडूंची नावे फलकावर रोमन लिपीत आणि चुकीच्या स्पेलिंगने झळकत होती. मराठी नावे टाकून पाहिली तर वेलांट्या कापल्या जात होत्या. दोष यंत्र चालवणाऱ्या मुलाचा नव्हता. रोमन मोठी अक्षरे आणि आकडे सात ठिपक्यांच्या उंचीत बसतात. देवनागरीला मात्र शिरोरेषेच्या वर मात्रा, रफार आणि अनुस्वार, तर खाली उकार आणि रकार यांसाठी जागा लागते. ‘मुंब्रा’ हा एकच शब्द अशा फलकावर लिहून पाहावा. माझ्या मते एका ओळीला किमान ३२ पिक्सेल, म्हणजे ३२ ठिपक्यांची उंची मिळायला हवी. पडदा ८ मीटर रुंद, ४.५ मीटर उंच आणि दोन ठिपक्यांतील अंतर, म्हणजे पिक्सेल पिच, १० मिलिमीटर असेल, तर ८०० गुणिले ४५० पिक्सेल मिळतात आणि अशा जेमतेम १४ ओळी बसतात. स्वस्त पडतो म्हणून तोच पडदा १६ मिलिमीटर पिचचा घेतला, तर आठच ओळी उरतात. बाहेरून दोन्ही पडदे सारखेच दिसतात, म्हणून केवळ चौरस मीटरच्या दरावर निविदांची तुलना होऊ नये.

कबड्डीत एका चढाईला ३० सेकंद असतात. दोन्ही संघांचे चढाईपटू एकमेकांच्या विरुद्ध दिशेला तोंड करून खेळतात, त्यामुळे एकाच टोकाला उभारलेली भव्य व्हिडिओ वॉल एका संघाच्या समोर आणि दुसऱ्याच्या पाठीशी येते. दोन्ही टोकांना लहान पण ठळक घड्याळे बसवली, तर खेळाला त्यांचा उपयोग त्या भिंतीपेक्षा जास्त होईल, आणि खर्चही किरकोळ येईल. क्रिकेटसाठी अट वेगळी आहे: गोलंदाज धावत येताना साइटस्क्रीनजवळचे, म्हणजे फलंदाजाला चेंडू नीट दिसावा म्हणून गोलंदाजाच्या मागे लावलेल्या पडद्याजवळचे, चित्र हलता कामा नये.

उघड्या मैदानावर दुपारच्या उन्हात चित्र दिसण्यासाठी साधारण ५,००० निट्स (निट हे पडद्याची प्रखरता मोजण्याचे एकक) किंवा अधिक उजेड लागतो. सभागृहात तेवढाच उजेड डोळ्यांना खुपेल, म्हणून दोन्हींसाठी एकच तपशील लिहू नये. आपल्याकडच्या पावसासाठी आयपी ६५, म्हणजे धूळ आणि पाण्याच्या फवाऱ्यापासून संरक्षणाचा दर्जा, पुढच्या बाजूइतकाच मागच्या बाजूलाही मागावा, कारण वीजजोडण्या मागेच असतात.

पडदा उभा राहतो त्या सांगाड्याविषयी मात्र अजिबात तडजोड नको. १३ मे २०२४ रोजी वादळी वाऱ्यात घाटकोपरचे जाहिरात होर्डिंग कोसळून १७ जण दगावले. वाऱ्याच्या भारासाठीच्या आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे. त्या आधारे केलेले संरचनेचे गणित आणि स्वतंत्र अभियंत्याची तपासणी, या दोन गोष्टी झाल्याशिवाय कार्यादेश देऊ नये.

खरेदीइतकीच काळजी पुढच्या वर्षांची वाटते. एलईडीच्या दोन खेपांच्या रंगात फरक असतो, त्यामुळे जळालेल्या जागी नव्या खेपेचे मॉड्यूल, म्हणजे पडद्याचा सुटा तुकडा, बसवले की पडद्यावर ठिगळ दिसते. म्हणून त्याच खेपेतील सुटे मॉड्यूल सुरुवातीलाच घ्यावेत आणि किमान पाच वर्षांच्या देखभालीचा दर मूळ निविदेतच मागावा. जाहिरातींचे उत्पन्न जरूर मिळवावे. मात्र सामना सुरू असताना गुण आणि वेळ यांची जागा जाहिरातीने घेऊ नये, अशी अट करारात असावी.

मसुदा ठरण्यापूर्वी गुणलेखक, पंच आणि प्रशिक्षक यांना एकदा मैदानावर बोलवावे आणि सर्वांत लांबच्या स्टँडवरून मराठी मजकुराचे प्रात्यक्षिक घ्यावे, ही विनंती. त्या दिवशी मी स्वखर्चाने, हवा तितका वेळ हजर राहीन.

आपला विश्वासू,
ठाण्यातील एक कबड्डी गुणलेखक