जंपिंग जॅकच्या आधी दोन वाक्यं बोला

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमच्या सोसायटीत सकाळी सहाला बायकांची बॅच असते, आधी झुंबा मग वर्कआउट. स्किपिंग किंवा जंपिंग जॅक आले की चार-पाच जणी हळूच मागे सरकतात, कोणी पाणी प्यायला जाते कोणी लेस बांधायला वाकते. मला वाटायचं दमत असतील, मग माझंच तसं व्हायला लागलं, उडी मारली की थेंब थेंब लघवी, शिंकलं तरी तेच, तेव्हा कळलं सगळ्या का थांबतात. धीर करून ट्रेनरला सांगितलं तर म्हणाली, ताई पॅड लावून या, वयाने होतंच. फार वाईट वाटलं.

वयाने होतंच असं नाही हो. ओटीपोटाखालच्या पुढच्या हाडापासून मागच्या माकडहाडापर्यंत झोळीसारखे स्नायू असतात, पेल्विक फ्लोअर म्हणतात त्याला, मूत्राशय, गर्भपिशवी सगळा भार त्यावर. बाळंतपण, जुना खोकला, बद्धकोष्ठता, वाढलेलं वजन, पाळी जाणं यांनी ती झोळी सैल पडते. फारच सैल पडली की अंग, म्हणजे गर्भपिशवी, खाली सरकून बाहेर येतं, आपल्या आई-आज्यांनी ते कोणाला न सांगता सोसलं.

आणि यावर व्यायाम आहे! अमेरिकेतले डॉ. अर्नॉल्ड कीगल यांनी १९४८ मध्येच तो मांडला, योगातला मूलबंधही जवळपास तोच. ब्रिटनमध्ये तर शिंकताना-उडी मारताना लघवी होणाऱ्या बायकांना आधी किमान ३ महिने हाच व्यायाम देखरेखीखाली करायला सांगतात, दिवसातून ३ वेळा, दर वेळी किमान ८ दा. गॅस अडवताना आवळतो तसं आत आणि वर ओढायचं, मग पूर्ण सैल सोडायचं, श्वास रोखायचा नाही, पोट-मांड्या घट्ट करायच्या नाहीत. बऱ्याच जणी उलट खाली जोर देतात म्हणून कोणीतरी नीट शिकवायला हवं. लघवी मध्येच अडवून सराव करणंही चूक. ज्यांना तिथे दुखतं, स्नायू आधीच आखडलेत, त्यांनी आधी डॉक्टर किंवा फिजिओला दाखवावं, सरसकट सगळ्यांना आवळा आवळा सांगून चालत नाही. पुरुषांनाही प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर हा व्यायाम देतात, म्हणजे हा फक्त बायकांचा विषय नाहीच.

जिम आणि झुंबाच्या ट्रेनर मंडळींना माझी कळकळीची विनंती आहे, पहिल्या दिवशी फॉर्मवर बीपी, शुगर, गुडघे विचारता तसं हेही विचारा, आणि उड्यांच्या आधी माइकवर एवढंच बोला की कोणाला लघवीचा त्रास होत असेल तर उडीऐवजी जागच्या जागी चाला आणि क्लासनंतर मला भेटा. मग तिला फिजिओकडे पाठवा.

मी फिजिओकडे शिकून ३ महिने रोज केलं. आता शिंक येतेय वाटलं की आधी आवळून धरते, स्किपिंगही परत सुरू केलंय. मागे सरकणाऱ्या मैत्रिणींना एकेकीला गाठून सांगतेय, दोघी तयार झाल्यात, बाकीच्या अजून लाजतात.

– एक वाचक, डोंबिवली