सोनू, डोळे चोळते ते डॉक्टरांना सांग

सोनू बेटा,

परवा तुझ्या चष्मा घालवायच्या लेझर ऑपरेशनवरून "आप्पा, तुम्हाला यातलं काही कळत नाही" म्हणून तू फोन ठेवला, त्याचा राग नाही. कळत नव्हतंच. म्हणून काल केळीची गाडी भरायचं काम भाऊवर टाकलं आणि जळगावला जाऊन आलो, निमित्त माझ्या नंबरचं, पण डॉक्टरांना तुझंच विचारत बसलो.

आधी चांगलं सांगतो. साडेसहाचा नंबर लेझरने जाऊ शकतो म्हणे. लॅसिक म्हणतात त्या ऑपरेशनमध्ये कॉर्नियाचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचा, पातळ पापुद्रा उचलतात, खालचा भाग लेझरने झिजवून आकार बदलतात आणि पापुद्रा परत बसवतात, दोन्ही डोळे मिळून अर्धा तास पण लागत नाही, बऱ्याच जणांना दुसऱ्या दिवशीच बिनचष्म्याचं दिसतं. सकाळी उठल्या उठल्या तुला उशीजवळ चष्मा चाचपडावा लागणार नाही, हे डोळ्यापुढे आलं आणि मला तिथंच भरून आलं.

पण बेटा, तू डोळे चोळते ते तिथं सांगितलं का?

तुला आठवत नसेल. एप्रिल-मे लागला की तुझे डोळे लालबुंद व्हायचे, आपल्याकडचं ऊन आणि धूळ, तू मुठीने इतकी चोळायची की तुझी आई रडायची. घराच्या धाब्यावर झोपायचो तेव्हा तुझे दोन्ही हात मी धरून झोपायचो. ते मी काल डॉक्टरांना सांगितलं तर त्यांनी पेन खाली ठेवला. म्हणाले, फार चोळणाऱ्यांमध्ये केराटोकोनस जास्त सापडतो, म्हणजे कॉर्निया पातळ होऊन पुढे टोकदार येतो, आणि तसा कॉर्निया असला तर लॅसिक करत नाहीत, कारण आधीच नाजूक असलेला तो लेझरनंतर आणखी पुढे फुगू शकतो. क्वचित होतं, पण झालं तर नजर चष्म्यानेही नीट सुधरत नाही. सुरुवातीला पेशंटला काही जाणवत नाही, टोपोग्राफीत, म्हणजे कॉर्नियाच्या आकाराचा नकाशा काढतात त्या तपासणीत, दिसतं.

हिशोब पण सांगितला. कॉर्निया मध्यभागी साधारण 540 मायक्रॉन जाड असतो, अर्ध्या मिलिमीटरला थोडा जास्त. पापुद्रा 100 ते 120 चा. नंबरच्या एका डायऑप्टरमागे 12 ते 15 मायक्रॉन झिजवतात, तुझे साडेसहा, म्हणजे ऐंशी-नव्वद तरी गेले. खाली कमीत कमी 250 उरले पाहिजेत. मी कागदावर मांडलं, बसतंय, पण तुझा स्वतःचा आकडा मला माहीत नाही. आणि तपासणीला तू ऑफिसमधून तशीच लेन्स घालून गेली होती ना? लेन्सने कॉर्नियाचा आकार बदलतो, आधी आठवडाभर, काही ठिकाणी दोन आठवडे काढून ठेवायला सांगतात. मग ते रिपोर्ट बरोबर कसे? पुन्हा तपास.

बाकी पण आहे. सुरुवातीचे काही महिने डोळे कोरडे पडतात, तुझं तर दिवसभर कॉम्प्युटरवर. रात्री गाड्यांच्या लाइटभोवती कडं दिसतं काहींना. रेटिना, म्हणजे डोळ्यामागचा पडदा, बाहुली मोठी करायचे थेंब टाकून तपासून घे, नंबर गेला तरी मोठ्या नंबरचा रेटिनाचा धोका तसाच राहतो. आणि चाळिशीत वाचायला चष्मा लागणारच.

बघ, पुन्हा भाषण सुरू झालं, माफ कर. पंचवीस वर्षांची आहे तू, पैसे तुझे, डोळे तुझे.

पण चौथीत मास्तरांनी बोलावून सांगितलं, पोरीला फळ्यावरचं दिसत नाही, तोवर वहीत चुकीचं उतरवते म्हणून मी तुला दोनदा मारलं होतं. तू एकदाही म्हणाली नाही की दिसत नाही. तुला वाटायचं सगळ्यांना असंच दिसतं. त्याच पोरीने पुण्यात जाऊन इंजिनियरिंग केलं, मोठी माय अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. पण तेव्हाचं गप्प राहणं माझ्या मनातून जात नाही, म्हणून सारखं विचारतो, सांगितलं का.

जाडी, टोपोग्राफी, सगळ्या रिपोर्टचा फोटो पाठव, इथल्या डॉक्टरांना दाखवतो. सगळं ठीक निघालं तर मी एक शब्द बोलणार नाही, गुरुवारी रात्रीच निघतो. पहिल्या रात्री झोपेत हात डोळ्याकडे जाऊ नये म्हणून प्लास्टिकचं कव्हर लावतात, पण मी पण बसेन शेजारी. आईने कळण्याच्या भाकरीचं पीठ दळून ठेवलंय, सोबत आणतो.

आप्पा