फुकट ट्रायलची लिंक देणाऱ्यांनी पुढचंही सांगावं

महोदय,

बार्शीत माझं मोबाइल रिचार्ज आणि झेरॉक्सचं दुकान आहे. 'दादा, खात्यातून पैसे कटलेत, बघता का जरा?' असं म्हणत माणसं मोबाइल पुढे करतात. बघावं तर बऱ्याचदा ऑटोपे, म्हणजे ठरावीक काळानं आपोआप पैसे कापायची परवानगी, निघतो.

पोलीस भरतीची तयारी करणारा एक मुलगा असाच आला. तो ज्यांचे व्हिडिओ रोज बघतो त्या सरांनी लिंक दिली होती: एक रुपयात सात दिवस सगळी टेस्ट सिरीज. त्यानं यूपीआय पिन टाकला तो एका रुपयासाठी, असं त्याला वाटलं. त्याच पिननं दरमहा पैसे कापायची परवानगीही गेली. ॲप आवडलं नाही म्हणून त्यानं दोन दिवसांत काढून टाकलं. ॲप काढल्यानं परवानगी रद्द होत नाही, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. आठवडा संपल्यावर मेसच्या पैशातले 399 रुपये गेले. पैसे कापण्याच्या किमान 24 तास आधी कळवायचं, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तसा मेसेज आलाही होता, पण इंग्रजीत, आणि कर्जाच्या जाहिरातींच्या ढिगात.

कंपन्यांवर टीका होते, ती व्हायलाच हवी. पण पोरं कंपनीला ओळखत नाहीत, ती सरांना ओळखतात. 'फुकट आहे, आत्ताच जॉइन व्हा' हा शब्द सरांचा असतो आणि प्रत्येक जॉइनमागे त्यांना कमिशन मिळतं. काही ठिकाणी तर पहिली पूर्ण फी कापली गेली तरच कमिशन पडतं. म्हणजे मुलगा रद्द करायला विसरला, तर त्यातही सरांची कमाई. हे मला फार लागतं.

कमिशनला माझा विरोध नाही. रिचार्जवर मीही घेतो, घर त्यावरच चालतं. पण पॅक केवढ्याचा, किती दिवसांचा, हे सांगितल्याशिवाय मी गिऱ्हाइकाचे पैसे घेत नाही.

कायदाही यावर गप्प नाही. कंपनीशी आर्थिक संबंध असेल तर तो प्रेक्षकांना स्पष्ट सांगावा, असं 2022 च्या जाहिरातविषयक मार्गदर्शक सूचना सांगतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर 2023 मध्ये 13 'डार्क पॅटर्न'ची, म्हणजे ग्राहकाला गंडवणाऱ्या ऑनलाइन युक्त्यांची, यादी काढली. फुकट सेवेसाठी ऑटो डेबिटची परवानगी सक्तीनं घेणं त्यात 'सबस्क्रिप्शन ट्रॅप' म्हणून नोंदवलेलं आहे. मग अशा ऑफरची लिंक सरांनी का द्यावी?

माझी मागणी साधी आहे. लिंक देताना व्हिडिओतच, तोंडानं, मराठीत सांगा: मला यातून पैसे मिळतात, अमुक तारखेनंतर एवढे रुपये कटतील, आणि रद्द असं करायचं. त्याआधी स्वतः ट्रायल घेऊन, स्वतः रद्द करून बघा. रद्द करायचं बटण तुम्हालाच सापडलं नाही, तर ती लिंक देऊच नका. खाली डिस्क्रिप्शनमध्ये बारीक अक्षरात लिहिलेलं कोणी वाचत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

वाचकांनी आजच आपल्या यूपीआय ॲपमधला ऑटोपेचा भाग उघडून बघावा. नको ती परवानगी तिथूनच रद्द करता येते. पैसे गेले असतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर तक्रार करता येते. रक्कम लहान आहे म्हणून सोडून देऊ नका.

– एक मोबाइल दुकानदार, बार्शी (जि. सोलापूर)