पंपावरचं सर्टिफिकेट

चि. माय,

अनेक आशीर्वाद. साथीतल्या सरकारी बंधनांवरचा तुझा निबंध वाचला. त्यातला इटलीचा तत्त्वज्ञ अगांबेन वगळलास तरी चालेल. फेब्रुवारी २०२० मध्ये ते कोरोनाच्या साथीलाच बनाव म्हणत होते. घाटी हॉस्पिटलच्या दारात उभं राहिलेल्या माणसाला ते पटायचं नाही. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलचं मात्र पुन्हा बघ. दुसऱ्याला इजा होत असेल तरच सरकारनं माणसाला अडवावं, हे ठीक. पण साथीत नुसत्या श्वासानंही इजा होते. मग काय काय अडवणार?

नोव्हेंबर २०२१ मध्ये आपल्या औरंगाबाद जिल्ह्यात आदेश निघाला: लसीचा एक तरी डोस नसेल तर पेट्रोल नाही, गॅस नाही, रेशन नाही. पंपावर सर्टिफिकेट बघायचं काम माझ्याकडं आलं. कारवाले मोबाइल दाखवून टाकी फुल करून जायचे. लुनावर आलेल्या एका म्हाताऱ्याचा मेसेज नातवाच्या फोनवर, नातू पुण्यात. म्हातारा बाही वर सारून दंडावरची सुईची जागा दाखवू लागला. पेट्रोल दिलं की नाही ते लिहीत नाही, मालक अजून तोच आहे.

लस घ्यावीच या मताचा मी. मे २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की घटनेच्या कलम २१ प्रमाणे, म्हणजे जगण्याच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्कामुळं, लसीची सक्ती करता येत नाही, पण लोकांच्या आरोग्यासाठी वाजवी बंधनं घालता येतात. सिनेमा थिएटरचं दार बंद करणं मला वाजवी वाटतं. रेशनचं नाही.

दुसरं, २०२० मध्ये वापरला तो साथरोग कायदा १८९७ चा, प्लेगच्या वेळचा. त्यात अधिकाऱ्यावर दावा लावता येत नाही, असं स्पष्ट लिहिलंय. कोंडलेल्या माणसानं खायचं काय, यावर एक अक्षर नाही. त्याच वर्षी सावित्रीबाई प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता गेल्या. बंधन हवं की नको, एवढ्यावर तुझा निबंध थांबतो. बंधनाचा भार कुणी उचलायचा, ते त्यात येतच नाही. 'घरात राहा' म्हणायला चार तासांची मुदत पुरली, पण ते पाळायला आधी घर लागतं, घरात दाणे लागतात. जालन्याहून मध्य प्रदेशाकडं पायी निघालेले १६ मजूर ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ रुळावर झोपले होते, मालगाडीखाली गेले. त्यांच्यावर मिलच्या खाली एक परिच्छेद लिही.

शनिवारी आईनं धपाटे पाठवलेत, ट्रॅव्हल्सवाल्याला फोन कर.

तुझा,
बाबा