सायलीच्या विसराळूपणाबद्दल

चि. रोहन,
अनेक आशीर्वाद.

सायलीला दिवस गेलेत, आणि तिच्या विसरण्यावरून तू फोनवर बायकोची जी थट्टा करतोस, ती आता पुरे. परवा भाजीवाल्याला पैसे देऊन मेथीची जुडी तिथेच ठेवून आली, हे तिनेच तुला हसत सांगितलं. तू म्हणालास, "डोकं गहाण टाकलंस का?" मी सिडकोत तिच्या माहेरीच, तिच्या समोर बसले होते. चेहरा उतरला तिचा.

तिच्या डोक्याला सध्या मोठं काम लागलंय. बार्सिलोनाच्या संशोधकांनी पहिलटकरणींचे एमआरआय काढले, दिवस राहण्याआधी आणि बाळंतपणानंतर. २०१६च्या अखेरीस तो अभ्यास प्रसिद्ध झाला. समोरच्याच्या मनातलं ओळखायला लागणाऱ्या मेंदूच्या भागांत ग्रे मॅटर, म्हणजे मेंदूतला करडा भाग, कमी झालेलं दिसलं, आणि बहुतेक ठिकाणी ते दोन वर्षांनीही तसंच होतं. घाबरू नकोस. बदल जितका जास्त, तितकी बाळाची ओढ जास्त आढळली, आणि स्मरणशक्तीच्या चाचण्यांत घट दिसली नाही. मामाच्या द्राक्षबागेतली ऑक्टोबरची गोडी छाटणी, फळासाठी वेल छाटतात ती, आठव, वेल उघडाबोडका दिसतो म्हणून कोणी हळहळत नाही. एलिझाबेथ क्रॅस्टिल या शास्त्रज्ञ बाईंनी तर स्वतःच्याच गरोदरपणाच्या आधीपासून बाळ दोन वर्षांचं होईपर्यंत मेंदूचे २६ स्कॅन करून घेतले. इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन हे गरोदरपणातले हॉर्मोन्स चढत गेले तसतसा मेंदू आठवड्याआठवड्याला बदलत होता.

टेन्शनचं म्हणशील, तर शेवटच्या महिन्यांत कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं हॉर्मोन, तसंही दुप्पट-तिप्पट होतं. वारेतलं (प्लॅसेंटातलं) एक एन्झाइम त्यातलं बरंचसं निष्क्रिय करतं, बाळापर्यंत थोडंच पोचतं. या काळात आईचं शरीरही बारीकसारीक धक्क्यांनी पूर्वीइतकं पेटत नाही. त्यामुळे एखाद्या दिवशी रडली म्हणून "बाळावर परिणाम होईल" असं तिला कोणी सुनावू नये, तूही नाही. महिनोन्‌महिने डोक्यावर राहणारा ताण मात्र वेगळा; तो आणि अपुऱ्या दिवसांचं बाळंतपण यांचा संबंध दिसलेला आहे. आमच्या वेळी "टेन्शन घेऊ नकोस" म्हणायचे आणि पुढ्यात चार कामं सरकवायचे! फ्लॅटचे हप्ते, तिच्या रजेचे ईमेल, विम्याचे कागद, हे तू उचल. ती अजून रात्री उशिरापर्यंत लॅपटॉप घेऊन बसते.

आणि एक. वार पडली की ते हॉर्मोन्स एकदम खाली येतात. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी बऱ्याच बायका उगाच रडतात, चिडतात; दोनेक आठवड्यांत ते निवळतं. त्याहून लांबलं, झोपच लागेना, बाळाजवळ जावंसं वाटेना, तर बाहेरची बाधा वगैरे कोणी काढलं तरी ऐकायचं नाही, थेट डॉक्टर. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर मोबाइलमध्ये आत्ताच घालून ठेव. पाचवीची पूजा नेमकी त्याच दिवसांत येते आणि घर पाहुण्यांनी भरतं. तुझ्या आत्यांना फोन तू करायचास, बारशालाच या म्हणून. विहीणबाईंशी मी बोलते.

तुझी,
आई
पंचवटी, नाशिक